मंडळाचे उरलेले अकरा महिने : सोलापुरातील तरुणांनी गल्लीतले एक काम तडीस कसे न्यावे

सोलापुरात तरुणांना एकत्र आणण्यासाठी नवी संघटना काढण्याची गरज सहसा पडत नाही. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती यांच्या निमित्ताने जवळजवळ प्रत्येक पेठेत आणि नगरात एखादे मंडळ आधीच उभे असते. लेझीमचा सराव रोज रात्री ठरल्या वेळी घेणे, घरोघर जाऊन वर्गणी जमवणे, पावत्या फाडणे, मिरवणुकीची परवानगी काढणे, मांडवात रात्रीच्या पाळ्या लावणे आणि शेवटी हिशेब मिटवणे ही सगळी कामे विशी-बाविशीची मुले कोणी न शिकवता पार पाडतात. विसर्जन झाले, मांडव उतरला, की ही घडी मोडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवावी लागते. पुढील मार्गदर्शन त्या मधल्या महिन्यांसाठी आहे आणि त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे : मंडळाने एका वेळी एकच काम घ्यावे, आणि ते असे घ्यावे की सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर त्याची मोजणी करता येईल.

काम कसे निवडावे

‘स्वच्छता’, ‘पर्यावरण’, ‘व्यसनमुक्ती’ हे विषय झाले, कामे नव्हेत. पहिल्या बैठकीत असे शब्द फळ्यावर लिहिले गेले तर ते तसेच राहू द्यावेत, पण प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या गल्लीपुरते हे आज किती आहे ते आपल्याला मोजता येईल का? कोणत्याही कार्यालयाची वाट न पाहता यातले निम्मे तरी आपल्या हाताने होईल का? एका हंगामात याचा निकाल दिसेल का? ज्या विषयाला तिन्ही उत्तरे होकारार्थी येतील तोच घ्यावा.

या कसोटीवर सर्वांत लाडका उपक्रम, म्हणजे वृक्षारोपण, बहुधा नापास होतो. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जूनमध्ये खड्डा काढून फोटो घेणे अवघड नाही. एप्रिलच्या उन्हात त्या रोपाला पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय रोप लावू नये. ज्या मंडळाला दहा झाडांसाठी दहा पालक मिळतील, त्याने दहाच लावावीत.

गल्ली पुरेशी लहान असावी. पन्नास ते ऐंशी घरे हा आकडा सोयीचा आहे, कारण तितकी घरे दोन रविवारांत पाहून होतात आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण रात्रपाळीला जातो, हे मुलांना आधीच ठाऊक असते. संपूर्ण प्रभाग हाती घेण्याचा मोह प्रत्येक उत्साही मंडळाला होतो, तो आवरावा.

एक काम सविस्तर : साठवलेले पाणी आणि डेंग्यू

सोलापूरला साजेसे म्हणून एकच उदाहरण तपशिलाने घेऊ. शहराला शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून पाणी येते, आणि वर्षानुवर्षे ते नळाला रोज येत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड येते. त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल, हौद, टाकी आणि घागरी भरलेल्या असतात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास नेमका असल्याच साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारीच्या घाण पाण्यातला डास निराळा. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उबदार हवेत साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात, आणि हा डास जन्मला त्या जागेपासून फार दूर जात नाही. म्हणजेच गल्लीतला डेंग्यू बव्हंशी गल्लीतच तयार होतो, आणि म्हणूनच हे काम गल्लीच्या हातातले आहे.

हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्यापूर्वी. पूर्व भागात याचा अर्थ काय होतो, याचा विचार करावा. दिवसभर घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई आणि यंत्रमागावर रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार हे दोघेही त्याच्या तावडीत सापडतात. रात्री लावलेली मच्छरदाणी त्यांच्या कामाची नाही.

सरकारी फलकांवर ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असे लिहिलेले असते. सल्ला बरोबर आहे, पण ज्या घरी पाणी पाचव्या दिवशी येते त्या घरी जाऊन ‘बॅरल ओतून टाका’ असे सांगणाऱ्या मुलाला दारातूनच परत पाठवले जाईल, आणि ते योग्यच होईल. म्हणून सांगण्याची पद्धत बदलावी लागते. पाणी येण्याच्या आदल्या रात्री भांडी तशीही तळाला गेलेली असतात. त्या रात्री किंवा नळ सुटण्यापूर्वीच्या पहाटे उरलेले पाणी बादलीत काढून घ्यावे आणि बॅरल आतून घासावे. घासणे हे यातले खरे काम आहे, कारण एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून पुन्हा भरले की ती पाण्याखाली येतात आणि अळ्या बाहेर पडतात. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने दोन मिनिटे घासले की प्रश्न मिटतो. भरल्यानंतर जुन्या धोतराचे किंवा साडीचे कापड दोन पदरी करून तोंडावर दोरीने घट्ट आवळावे. वर नुसते झाकण ठेवल्यास फटीतून डास आत जातो.

जो हौद घासण्याइतका रिकामा होतच नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. महापालिकेच्या हिवताप विभागाकडे त्यासाठी मागणी करावी. मासे सोडलेल्या हौदात अळीनाशक द्रव टाकावयाचा की नाही, हे त्या विभागाच्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये. गप्पी हा मूळचा आपल्याकडचा मासा नाही, त्यामुळे उरलेले मासे संभाजी तलावात किंवा हिप्परगा तलावात ‘जीवदान’ म्हणून सोडण्याचा पुण्याचा बेत कोणी मांडला तर त्याला तिथेच थांबवावे.

बॅरलशिवाय पाहायच्या जागा पुष्कळ आहेत. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, गच्चीवरचे टायर, पंक्चरच्या दुकानाबाहेरची रास, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले परळ, भंगारातले डबे या सर्वांत पाणी साचते. सोलापुरात कूलरचा क्रम वर लावावा. मार्चपासून चालणारा कूलर पहिला पाऊस पडला की बंद होतो, पण त्याच्या टाकीतले पाणी तसेच राहते आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर डासांना एक सुरक्षित जागा मिळते. मृगाच्या आठवड्यात ‘कूलर रिकामा करा’ एवढीच एक फेरी काढली तरी ती वाया जात नाही.

मोजणी कशी करावी

दोन-दोन जणांच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत शक्यतो एक मुलगी असावी. दिवसा दार बाईमाणूस उघडते, आणि दोन अनोळखी तरुणांना मोरीपर्यंत कोणी जाऊ देत नाही. आपली बहुतेक मंडळे अजूनही केवळ मुलांची आहेत. कामाच्या निमित्ताने ही त्रुटी भरून निघाली तर फार बरे. मुलींना लेझीमच्या पथकात पुढे ठेवून बैठकीत मागे बसवण्याची रीत मात्र या कामात चालणार नाही, कारण घरातली खरी माहिती त्यांच्याच वहीत येणार आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या पालकांची आधी संमती घ्यावी आणि कोणालाही एकट्याने कोणाच्या घरात पाठवू नये.

भाषा पाहून जोड्या ठराव्यात. एकाच रस्त्यावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे असणे या शहरात नवलाचे नाही. पत्रक चार भाषांत छापण्यापेक्षा त्या भाषेत बोलणारा मुलगा त्या घरी पाठवणे स्वस्त पडते आणि उपयोगीही ठरते. वेळही घरागणिक पाहावी. विडी कामगार महिला सकाळी तयार माल जमा करून पान-तंबाखू आणायला कारखान्यात गेलेल्या असतात, तर रात्रपाळीचा माणूस दुपारपर्यंत झोपलेला असतो. त्याला उठवून अळ्यांविषयी सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

हातात विजेरी, पांढरी वाटी आणि वही असावी. विजेरीच्या उजेडात अळी वळवळत खाली जाताना दिसते. शंका आल्यास थोडे पाणी वाटीत घेऊन पाहावे, म्हणजे घरच्यांनाही दिसते. हा क्षण कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडतो. वहीत चारच रकाने असावेत : घराचा क्रमांक, पाणी असलेली भांडी किती, त्यांपैकी अळ्या किती भांड्यांत, आणि काय केले. घरातील माणसांची नावे, आजार, फोन क्रमांक लिहू नयेत. ते आपले काम नाही.

आरोग्य खाते जी मोजमापे वापरते तीच आपण वापरावीत, म्हणजे पुढे कार्यालयात आपला आकडा नाकारला जात नाही. तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, त्याला घर निर्देशांक म्हणतात. समजा साठ घरे पाहिली आणि बारा घरांत अळ्या निघाल्या, तर बाराला शंभराने गुणून साठने भागावे. निर्देशांक वीस येतो. दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा दुसरा निर्देशांक. त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. त्याच साठ घरांत अठरा भांडी सापडली असतील तर तो तीस येईल. पहिला निर्देशांक प्रश्न किती घरांत आहे ते सांगतो, दुसरा किती भांड्यांत. दुसरा बराच मोठा निघाला, तर गल्लीत एखादे भंगाराचे किंवा टायरचे ठिकाण आहे असे समजून आधी तिकडे जावे.

पहिली मोजणी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी करावी आणि जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला एक फेरी ठेवावी. दर महिन्याचा निर्देशांक मंडळाच्या फळ्यावर लिहावा, पण कोणत्या घरात अळ्या निघाल्या ते कधीही जाहीर करू नये. एखाद्याच्या बॅरलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गेला की ते दार कायमचे बंद होते, आणि त्याच्या शेजारची दोन दारेही. आकडा महिनाभराने घटला नाही, तर वाढलेलाही आकडा तसाच लिहावा. दुसऱ्या महिन्यात जोडीदार बदलून पाहावेत. पुष्कळदा पाहणारा कंटाळलेला असतो.

तापाच्या रुग्णाला सल्ला देणे हे मंडळाचे काम नव्हे. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राचा पत्ता आणि वेळ द्यावी, गल्लीच्या आशा कार्यकर्तीला कळवावे आणि स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत एवढेच सांगावे. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कार्यालयात कसे जावे

निम्मे काम आपल्या हातचे असले, तरी उरलेले निम्मे महापालिकेचे असते : तुंबलेली गटार, व्हॉल्व्हची गळती, रिकाम्या प्लॉटवरचे पाणी, न आलेली घंटागाडी. इथे तरुणांची बहुधा दोन प्रकारे फसगत होते. काही जण थेट इंद्रभुवनावर आयुक्तांना भेटायला जातात, तर काही जण समाजमाध्यमावर लिहून मोकळे होतात. मधला रस्ता कंटाळवाणा आहे, पण चालतो तो तोच. आधी आपल्या भागाच्या झोन कार्यालयात जावे आणि तिथल्या आरोग्य निरीक्षकाला तोंडी सांगावे. आठवडाभरात काही झाले नाही तर लेखी निवेदन द्यावे. निवेदन एका पानाचे असावे, त्यात एकच विषय असावा, जागेची खूण स्पष्ट असावी आणि आपल्या मोजणीचा तक्ता सोबत जोडावा. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पोच नसलेले निवेदन दिले नाही असेच समजावे.

निवेदनात काय मागावे, यालाही महत्त्व आहे. डास वाढले की लोक ‘धूर मारा’ अशी मागणी करतात आणि धुराची गाडी फिरली की समाधान पावतात. धुराने त्या वेळी उडत असलेले काही डास मरतात; पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही आणि आठवड्याने पुन्हा तेवढेच डास होतात. म्हणून धुराऐवजी अळ्यांची तपासणी, गप्पी मासे आणि गळतीची दुरुस्ती मागावी. हे गल्लीतल्या ज्येष्ठांना आधी समजावून सांगावे लागते, नाहीतर ‘पोरांनी साधी गाडीसुद्धा आणली नाही’ असे ऐकून घ्यावे लागेल.

दोन निवेदनांनंतरही उत्तर आले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करावा. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये आहे आणि अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा. ‘काम का केले नाही’ असे विचारू नये, कारण कायद्याने कागदावर असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असे लिहावे. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते आणि ते न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. या अर्जाचा वापर धमकीसारखा करणाऱ्यांमुळे त्याची पत गेली आहे, म्हणून तो शेवटी आणि शांतपणे करावा. जो निरीक्षक काम करतो त्याचे नाव घेऊन आभाराचे पत्रही त्याच खिडकीवर द्यावे. अशी पत्रे तिथे क्वचितच येतात आणि लक्षात राहतात.

पैसा आणि फलक

या कामाला फारसा पैसा लागत नाही. विजेऱ्या, वह्या, घासण्या, कापड एवढाच खर्च आहे आणि तो उत्सवाच्या शिलकीतून भागतो. तरीही स्वतंत्र वही ठेवावी. लोकांकडून वर्गणी घ्यायचीच झाली, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हे उत्सवाच्या निमित्ताने बहुतेक मंडळांना माहीत असते. ती दरवेळी त्या त्या कारणासाठी घ्यावी. नोंदणीकृत संस्था काढण्याची घाई करू नये. त्यासाठी किमान सात सभासद, घटना, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल असे सारे सांभाळावे लागते, आणि पन्नास घरांच्या कामासाठी ते ओझे कोणी उचलू नये.

खरा धोका फुकट मिळणाऱ्या पैशाचा आहे. काम दिसू लागले की कोणीतरी टी-शर्ट, टोप्या आणि भला मोठा फलक देऊ करतो आणि त्या फलकावर मुलांच्या आधी त्याचा फोटो येतो. एकदा तो फोटो लागला की गल्लीतली दुसऱ्या पक्षाची घरे दार उघडत नाहीत. म्हणून पहिल्या हंगामात एकही फलक लावू नये, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा. सर्वच नगरसेवकांना आणि इच्छुकांना एकच आकड्यांचा कागद द्यावा आणि गळतीच्या दुरुस्तीसाठी मदत मागावी. ती मदत घेण्यात कमीपणा नाही.

हिशेब आणि आकडे जाहीरपणे वाचून दाखवण्यासाठी एक तारीख कायमची ठरवावी. १२ जानेवारी ही सोलापूरसाठी सोयीची आहे. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि राष्ट्रीय युवा दिनही याच तारखेला असतो. सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन झाले, की संध्याकाळी गल्लीत वही उघडावी. गड्ड्याची यात्रा तोंडावर असल्याने बाहेरगावी गेलेली मंडळीही घरी आलेली असतात.

महाविद्यालय आणि खेडे

मंडळातले जे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत त्यांना दोन वर्षांत २४० तासांचे काम करावयाचे असते. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच भेटून गल्लीतले तास त्यात धरले जातील का, हे विचारावे. सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात असते, तिथे हीच मोजणी करता येते.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी अशा तालुक्यांतील खेड्यांत झोन कार्यालयाची जागा ग्रामसभा घेते. प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरते. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आले, की त्या सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. पण सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते ती बहुधा तरुण आले नाहीत म्हणूनच. आपला विषय सभेपूर्वी काही दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, लेखी द्यावा. सभेत ठराव झाला तर इतिवृत्तात तो शब्दशः आला की नाही हे त्याच आठवड्यात जाऊन पाहावे.

वही कोणाकडे राहील

अशी कामे मतभेदांपेक्षा स्थलांतराने अधिक बंद पडतात. ज्याने पहिली वही आखली तो पदवी झाली की हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो आणि त्याच्याबरोबर पोचपावत्यांची फाइल, निरीक्षकाचा क्रमांक आणि कोणत्या घरात कोणत्या वेळी जावे हे ज्ञानही जाते. म्हणून प्रत्येक जबाबदारी दोघांकडे द्यावी : एक पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, दुसरा अकरावी-बारावीचा. मूळ वही आणि पोच घेतलेल्या प्रती गल्ली सोडून जाणार नाही अशा माणसाच्या घरी ठेवाव्यात, मग ती किराणा दुकानाची मालकीण असो किंवा वाचनालयाची कपाटे सांभाळणारे निवृत्त शिक्षक. पुण्याला गेलेल्यांनी आकडे टंकून देण्याचे आणि निवेदनाचा मसुदा तपासण्याचे काम तिथून करावे, आणि मे महिन्याच्या पहिल्या मोजणीला शक्य असेल त्याने दोन दिवसांची रजा काढून यावे.